समुद्र झोपलाय

हर्षालीच्या मोबाइलवर सागरकर्णाने आजही 'मासळी नाही' असंच कळवलं होतं. तरी तिने बाबाला घेऊन होडी काढली. आज तिला त्याला घोळ माशाचं गाणं ऐकवायचं होतं.

सागरकर्ण म्हणजे खाडीबाहेर तरंगणारे पिवळे बोये. पाण्याखालचे आवाज ओळखून कोणत्या माशाचा थवा कुठे आहे, हे ते होडीवाल्यांना सांगत. हर्षाली शाळेत असताना एका परदेशी निधीतून ते करंजखोलला आले. मदतीला आलेली माणसं चांगली होती, हे सांगायलाच हवं. त्यांनी बर्फाचा कारखानाही दिला, जेटीही बांधली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं गावाला झालं.

त्याआधी गावाचे कान म्हणजे तिचा बाप, हिराजी तांडेल. वल्हं पाण्यात सोडून तो त्याचा दांडा दातांत धरायचा. लाकडातून जबड्यात आवाज चढायचा आणि तो बोट दाखवील तिकडे होड्या वळायच्या. कधीकधी मात्र तो वल्हं वर घेऊन म्हणायचा, "समुद्र झोपलाय." मग सगळे मुकाट परत फिरायचे. खाली घोळ गाभोळीवर, अंड्यांनी भरलेली आहे, तिला हात लावायचा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं.

यंत्राला आवाज शिकवायलाही हिराजीच आपल्या होडीतून पाहुण्यांना घेऊन गेला. घोळीचा आवाज कोणता, एवढंच त्यांनी विचारलं; त्याने मनापासून दाखवला आणि त्यांनी तो तिथेच टिपून घेतला. जाळं कधी टाकायचं नाही, हेही सांगावं लागतं, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. अंडी घालायच्या दिवसांत घोळीचा थवा सगळ्यात मोठ्याने घुमतो. यंत्र होड्यांना आधी तिथेच पाठवू लागलं. काही वर्षं गावाची चंगळ झाली. मग घोळ नाहीशी झाली.

आता तोच निधी नवी योजना घेऊन आला होता. आजपासून बोये घोळीचं जुनं, टिपलेलं गाणं पाण्यात वाजवणार होते, म्हणजे दूरचे थवे परत येतील. गाणं यंत्राचं आहे हे हर्षालीने बाबाला सांगितलं नव्हतं. मरण्याआधी त्याने एकदा हसावं, एवढीच तिची इच्छा होती.

बोयांजवळ होडी थांबताच हिराजीने वल्हं पाण्यात सोडून दांडा दातांत धरला. त्याचा सुरकुतलेला चेहरा उजळला.

"आयल्या गो पोरी, आयल्या! गाभोळीवर हायत. होरी फिरव, समुद्र झोपलाय!"

"हो बाबा," ती कशीबशी म्हणाली.

त्याने पुन्हा ऐकलं आणि हळूहळू त्याचं हसू मावळलं.

"ही टकटक कसली गो? आपल्या जुन्या होरीची सैल फली ती. मी हललो का वाजायची." त्याने वल्हं खाली ठेवलं. "ह्यो आजचा आवाज नाय. मीच त्यांना दिलेला हाय. मना वाटलं, जालं कवा टाकायचं नाय त्ये त्यांना ठाव असंल."

तो लहान मुलासारखा रडू लागला. हर्षालीने त्याचे हात घट्ट धरले. तिलाही रडू आवरेना.

तेवढ्यात मोबाइलवर संदेश आला: घोळीचं उत्तर मिळताच सर्व होड्यांना जागा कळवण्यात येईल.

पाण्याखाली जुनी फळी वाजत होती. ती हाक ऐकून एखादी घोळ पोटात गाभोळी घेऊन खरंच आली, तर समुद्र झोपलाय, हे कोण म्हणणार होतं?