डावी काच

ही घटना खरी आहे. ज्याच्या बाबतीत ती घडली तो माझा सख्खा मामा. तो आजही धायरीत राहतो आणि आजही तीच गाडी चालवतो. त्याने आणि माझ्या आईने जे सांगितलं तेवढंच इथे लिहिलं आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

रात्रबित्र नव्हती. गेल्या डिसेंबरातली रविवारची दुपार होती. कात्रज बायपासवर लख्ख ऊन पडलं होतं आणि ट्रक नेहमीसारखे कुणालाही न जुमानता चालले होते.

गाडीत अवधूत एकटाच होता. अवधूत हे मामाचं नाव.

एकटं असणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. त्याची बायको अपूर्वा, म्हणजे माझी मामी, जाऊन वर्ष उलटलं होतं. मूलबाळ नव्हतं. नोकरी सॉफ्टवेअर कंपनीतली आणि तीही घरूनच. दिवसभर लॅपटॉपमधून माणसं ‘अवधूत सर’ म्हणायची. लॅपटॉप मिटला की संपलं.

त्या घरात त्याला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

गाडी त्याने याच दिवसांत घेतली. दोन दारांची, जमिनीला टेकलेली लाल स्पोर्ट्स कार. जुनीच, एजंटकडून. अशी गाडी एकदा तरी घ्यायची, हे त्याचं आणि अपूर्वाचं कॉलेजपासून ठरलेलं होतं. शेजारच्या श्यामसुंदर काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “छान आहे. बसायचं म्हणजे पडायचं, आणि उतरायला माणूस लावायचा. आमच्या वयाला अगदी सोयीची.”

गाडीत खोट एकच होती.

वेग वाढला की डावी काच शीळ घालायची...

या गाड्यांच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. दार लावलं की काच सरळ छताच्या रबरात जाऊन रुतते. रबर थोडं बसलं, काच किंचित बाहेर राहिली, की वारा आत शिरतो. दोष साधा असतो. पण तो नेमका कुठे आहे ते सापडत नाही.

म्हणून त्या रविवारी तो कात्रजला विक्रमकडे गेला. विक्रमचं काचा आणि रबर बसवण्याचं छोटं वर्कशॉप आहे.

“काय होतंय?” विक्रमने विचारलं.

“शीळ घालते.”

“कोण?”

“काच.”

“मग बरंय. दुसरं कोन घालत असंल तर आमच्याकडं इलाज न्हाई.”

विक्रमने डाव्या दाराच्या सगळ्या फटींवर बाहेरून चिकटपट्ट्या मारल्या. छताला, आरशापाशी, मागच्या कोपऱ्यात. मुंगी शिरायला जागा ठेवली नाही.

“आता बायपासला पळवून आना,” तो म्हणाला. “शीळ बंद झाली पायजे. मग एकेक पट्टी काढू. जी काढल्यावर शीळ येईल, तितं दोष.”

अवधूत निघाला. बायपासला लागला. वेग वाढवला.

शीळ बंद झाली होती.

पहिल्यांदाच त्या गाडीत शांतता होती. फक्त टायरांची घरघर, तीही लांबून आल्यासारखी. त्याला बरं वाटलं.

आणि त्या शांततेत, डाव्या काचेजवळून...

“अहो.”

हलकेच. स्वयंपाकघरातून कुणी भाजी चिरता चिरता हाक मारावी तसं.

“ओ,” अवधूत म्हणाला.

तोंडातून गेलं. विचार करायला सवडच मिळाली नाही. मग त्याने डावीकडे पाहिलं.

सीट रिकामी होती.

मागचा ट्रक हॉर्न देत अंगावर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपला पाय ब्रेकवर आहे.

विक्रमला त्याने यातलं काही सांगितलं नाही. “शीळ गेली,” एवढंच म्हणाला.

पट्ट्या काढत गेल्यावर दोष मागच्या कोपऱ्यात सापडला. विक्रमने तिथलं रबर उचकटलं आणि थांबला.

रबराखाली कुणीतरी काय काय कोंबून ठेवलं होतं. स्पंज. कापसाचे बोळे. साडीच्या काठाच्या चिंध्या. त्यावर एम-सील लिंपलेलं, आणि त्यात बोटांचे ठसे तसेच वाळलेले.

“ह्ये काम बाहेरून न्हाई केलेलं,” विक्रम म्हणाला. “गाडीत बसून, दारं लावून, आतनं भरलंय.”

“कुणी?”

“आदीच्या मालकानं. दुसरं कोन?” त्याने एक चिंधी ओढून काढली. “वाऱ्यासाठी येवढं कोन करतंय, साहेब?”

सगळं काढून त्याने नवं रबर बसवलं, काच किंचित आत घेतली, आणि काम झाल्यावर हात दोनदा धुतले.

शीळ कायमची गेली. हाक मात्र राहिली.

रोज संध्याकाळी काम आटोपलं की अवधूत गाडी काढायचा. नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. गाडीने वेग घेतला, बाहेरचा आवाज मागे पडला, की हाक यायची.

“अहो...”

“ओ,” तो म्हणायचा.

पुढे काही नाही. एकच हाक. पण परतीच्या रस्त्यावर तो बोलू लागला. आज पोळीवाल्या हिराताई आल्या नाहीत. गच्चीतला मोगरा वाळला. तुझ्या साड्या ताई घेऊन जाते म्हणते, देऊ का? असं काहीबाही. उत्तर यायचं नाही. तो म्हणतो, उत्तराची गरजही वाटायची नाही. कुणीतरी ऐकतंय, हे पुरायचं.

जानेवारीत ताई त्याच्याकडे आली. ताई म्हणजे पद्मजा, माझी आई. तिला भाऊ वाळलेला दिसला, पण तोंडावर कसलंतरी समाधान होतं. त्याचीच तिला भीती वाटली.

“चल, फिरवून आणतो,” तो म्हणाला.

“या खेळण्यातून?”

“बस गं.”

ती कशीबशी आत शिरली, डाव्या सीटवर बसली. गुडघ्यांना, गाडी बनवणाऱ्याला आणि भावाला सारख्याच शिव्या घातल्या. बायपास लागला. अवधूतने वेग वाढवला आणि तो गप्प झाला. ताई काही विचारणार, तेवढ्यात...

“अहो.”

ताईने झटकन मान वळवली. काच बंद होती. हाक तिच्या कानाला लागून आली होती.

“ऐकलंस ना?” अवधूतचे डोळे भरून आले होते. “तुलाही ऐकू आलं ना, ताई? अपूर्वा आहे.”

“गाडी बाजूला घे.”

“ताई, ती रोज...”

“बाजूला घे म्हणते ना!”

त्याने गाडी कडेला घेतली. ताईचा हात दाराच्या कडीवर होता, पण ती उतरली नाही. तिने आधी भावाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली,

“अवधूत, अपूर्वा तुला कधी तरी ‘अहो’ म्हणाली होती का रे?”

अवधूतने इंजिन बंद केलं.

“लग्नात उखाणा घे म्हटलं तर काय म्हणाली ती? सगळ्यांदेखत ‘अव्या’ म्हणाली. अव्या! आई आठ दिवस धुसफुसत होती. आईसमोरसुद्धा जिने ‘अहो’ म्हटलं नाही, ती आता म्हणेल? ‘अहो’ काय, कुठलीही बाई कुठल्याही नवऱ्याला म्हणते. आणि तू ओ देतोस?”

“माहितीये मला,” अवधूत म्हणाला.

“काय माहितीये?”

“ती अहो म्हणत नव्हती ते. पहिल्याच दिवशी माहीत होतं.” त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. “पण घरी तेही कुणी म्हणत नाही ना, ताई.”

येताना गाडीत काहीच ऐकू आलं नाही. ताईने जाताना त्याच्याकडून शब्द घेतला, की गाडी विकायची.

दुसऱ्या दिवशी तो एजंटकडेच निघाला होता. तसं तो शपथेवर सांगतो. बायपासला लागला. वेग घेतला. शांतता झाली.

तो वाट बघत राहिला. ‘अहो’ आलं नाही.

बोगदा दिसू लागला. आणि डाव्या काचेजवळून...

“अव्या.”

त्याच्या डोळ्यांना धार लागली. बोगदा कधी संपला ते त्याला कळलं नाही. वर्षभरात त्या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती.

पलीकडे त्याने गाडी थांबवली. आणि मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं.

अपूर्वा ‘अव्या’ म्हणताना शेवटचं अक्षर लांबवायची. “अव्याऽऽ”. गच्चीतून खाली हाक मारावी तसं, हसत. ही हाक तशी नव्हती. ही आखूड होती. पहिल्या अक्षरावर जोर, शेवट तोडलेला, थोडी चिडकी.

काल याच सीटवर बसून ताई म्हणाली होती, अगदी तशी.

म्हणजे या गाडीत जे बोललं जातं, तेवढंच तिला येतं. ‘अहो’सुद्धा कधीतरी इथेच कुणीतरी म्हटलं असणार. आणि मग ते ऐकू येऊ नये म्हणून दुसऱ्या कुणीतरी त्या कोपऱ्यात साडीच्या चिंध्या कोंबल्या असणार.

गाडी त्याने विकली नाही.

पुढच्याच आठवड्यात ताई बसने जात होती. कात्रज चौकात सिग्नलला बस थांबली, तर खिडकीखालीच ती लाल गाडी उभी. काचा बंद. आत अवधूत, डाव्या सीटकडे वळून काहीतरी बोलत होता. तेच तेच. तोंडाची तीच हालचाल, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी शेवटी ओठ ताणून हसल्यासारखं.

रात्री तिने फोन केला. “काय बडबडत होतास रे सिग्नलला?”

“शिकवत होतो.”

“काय शिकवत होतास?”

“माझं नाव. अपूर्वा म्हणायची तसं.” तो अगदी साध्या आवाजात बोलत होता, क्लासला जाणाऱ्या मुलीचं कौतुक सांगावं तसा. “जोर बरोबर येतो आता. शेवट अजून लांबवता येत नाही तिला. पण येईल.”

ताईने फोन ठेवून दिला.

आईकडचं सोडलं तर हे सगळं मला त्यानेच सांगितलं, परवा, त्याच्या घरी बसून. मी चाचरत विचारलं, “मामा, पण ती आहे तरी कोण?”

त्याने खांदे उडवले. मग विचारलं, माझ्या फोनमध्ये मामीचा आवाज असलेला एखादा व्हिडिओ आहे का.

आहे. आमच्या गृहप्रवेशाचा. चांगला मोठा आहे. मामी त्यात हसते, चिडवते, सगळ्यांना नावानिशी हाका मारते. मलाही.

मी “नाही” म्हणालो.

तेव्हापासून त्याचा रोज एक मेसेज येतो. “नीट शोध ना रे.”