हेल्मेटच्या आत

पेणच्या गिरणीत संध्याचं दळण अर्धं झालं आणि वीज गेली. पट्टा खडखडत थांबला. गिरणीवाला म्हणाला, पार वडखळपर्यंत गेलीय, आता संध्याकाळशिवाय येत नाय. डबा तिथंच ठेवून ती उन्हातून घराकडे निघाली. मनात आलं, बरंच झालं. विलासला आज सुट्टी. वीज नाही म्हणजे नवरा चार शब्द तरी बोलेल.

विलास रोह्याच्या एका कंपनीत होता. तिथल्या प्रणितचा भाऊ बोटीवर. त्यानं परदेशातून एक हेल्मेट आणलं होतं. काँप्युटरला जोडून डोक्यात घातलं, की आपली खोली नाहीशी होऊन भलतंच घर उभं राहायचं. मान वळवाल तिकडे त्याच्या खोल्या. विलासनं ते खेळायला म्हणून मागून आणलं आणि त्यातच बुडाला. शिफ्टवरून आला की हेल्मेट. संध्या रोज गुडघ्यांना तेल चोळायची तेव्हा सासूबाई धोंडुबाई कुरकुरत, भरल्या घरात डोळं झाकून बसायचं, ही कसली करमणूक गो? तो हसायचा. म्हणायचा, आत एकटं वाटतच नाही.

त्याच्या आग्रहाखातर संध्यानंही एकदा ते घातलं होतं. लांबच लांब रिकाम्या खोल्या. शेवटच्या दाराआड कुणी श्वास रोखून उभं आहे, असं वाटलं आणि तिनं ते ओढून काढलं.

ती घरी पोचली तेव्हा धोंडुबाई ओटीवर झोपल्या होत्या. आतल्या खोलीत पंखा थांबलेला, काँप्युटरचा पडदा काळा. बंद पेटीतला येतो तसला कोंदट, गार वास. विलास खुर्चीत, डोक्यावर हेल्मेट. झोप लागली असेल, म्हणून ती जवळ गेली. पण त्याची मान हळूहळू वळत होती. समोर कुणी येरझाऱ्या घालाव्यात आणि त्यानं बघत राहावं, तशी.

"बस ना आता," तो हलकेच म्हणाला. "किती चालशील..."

 संध्यानं वाकून प्लगच उपटला. मान वळतच राहिली. मग थांबली, नेमकी तिच्या दिशेला.

तिनं दोन्ही हातांनी हेल्मेट खेचून काढलं. त्याचे डोळे कोरडे, ताणलेले. तिला ओळखायला त्याला वेळ लागला.

"कुणाशी बोलत होता?"

"तुझ्याशी," तो म्हणाला. "तू आत होतीस... म्हणालीस, बाहेरचीला हे काढू देऊ नका."

संध्यानं ते गोणपाटात बांधलं आणि त्याच दिवशी गाडीनं रोह्याला नेऊन प्रणितच्या हवाली केलं. विलास अडवायला आला नाही. हळूहळू तो माणसात आला, आईशी बोलू लागला, जेवताना हसू लागला. फक्त कधीकधी संध्याकडे बघत राहायचा, ओळखीच्या कुणासारखी दिसणारी बाई असावी तसा.

पुढं एका दुपारी दारात प्रणित उभा. चेहरा उतरलेला. ती या म्हणाली, तरी आत आला नाही.

"वहिनी, त्यात एक बाई हाय," तो म्हणाला. "आवाज तुमचाच. वायर काढली तरी जात नाय."

संध्या उंबऱ्यापर्यंत आली.

"रोज एकच विचारते..." त्यानं ओटीवरच्या धोंडुबाईंकडे पाहिलं. "आईंच्या गुडघ्यांना आता तेल कोण चोळतं?"

संध्यानं दाराची कड धरली. हात सटकला. तळवा अजून तेलकट होता.