उमाआत्याचे चाळीस सेकंद

कपाळावरच्या विभूतीची आण घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा हाय. हे ज्याच्यासोबत घडलं तो संगमेश आपल्या युसूफ वडगावचाच, मोबाइल दुरुस्तीवाला. माझ्या भिंतीला लागूनच घर त्याचं... म्हणजे लागून न्हाई, दोन गल्ल्या सोडून. हसू नको बे सुरज, चुलता हाय मी तुझा. लाइट यायला अजून तास हाय, तोवर ऐका. तारीखच सांगतो. अकरा फेब्रुवारी, मंगळवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं.

घरचे सगळे बस्त्याला लातूरला गेलते. संगमेशच्या थोरल्या भावाच्या, वीरभद्रच्या पोरीचं, कावेरीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मंगल कार्यालयात मोठ्या पडद्यावर पोरीच्या आईबापाचं लग्न दाखवायचं ठरलं होतं. त्या लग्नाची कॅसेट बुरशीनं कधीच गेली होती. तिच्यावरून करून घेतलेली एकच डीव्हीडी उरली होती. सकाळी निघताना वीरभद्रनं ती भावाच्या हातात दिली.

“क्लॅरिटी जाऊ देऊ नको. आन् आत्याचं तेवढं काढ.”

“कावून?”

“कावेरीच्या सासरचे लई जुन्या वळणाचे हायती. मोकळ्या कपाळाची बाई अक्षता टाकताना दिसली, तर पोरीला जलमभर ऐकवतील.”

“दादा, आईमागं तिनंच वाढवलं आपल्याला.”

“मला काय म्हायती न्हाई?” वीरभद्र गाडीत बसला. “कावेरीला कुणी बोललेलं तिला तरी चाललं असतं का?”

उमाआत्या जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचा हलताबोलता चेहरा जगात फक्त त्या डीव्हीडीवर उरला होता. दोघा भावांना हे ठाऊक होतं.

स्टुडिओवाले सगळा व्हिडिओ नव्यानं बनवून देतात, मग माणसं पीठ फासल्यासारखी दिसतात. संगमेशला त्यावरची युक्ती येत होती. डीव्हीडीतल्या फायली जशाच्या तशा कॉम्प्युटरवर घ्यायच्या, नको तो तुकडा छाटायचा, उरलेलं न बदलता जोडायचं. क्लॅरिटी कणभर जात नाही. अडचण एकच. कात्री आपल्या मनासारखी बसत नाही. व्हिडिओत ठरावीक अंतरावर एकेक पुरं चित्र असतं, तिथंच छाटावं लागतं. आत्या अक्षता टाकायची ती तीसच सेकंद. पण कात्री बसत होती दहा सेकंद आधी.

त्या दहा सेकंदांत मांडवाच्या खांबाआड आत्या उभी होती. तिच्या पदराला धरून बारा वर्षांचा संगमेश. ती त्याची टोपी सरळ करत होती. करून झाली, तरी करतच होती.

संगमेशनं चाळीस सेकंद छाटले. छाटलेला तुकडा पुसून टाकला. ऐनवेळी कार्यालयात चुकून जुनीच लागू नये म्हणून डीव्हीडी गुडघ्यावर ठेवून मोडली.

मग जोडलेला व्हिडिओ लावला. आधी तो एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं वीस सेकंदांचा होता. आता चाळीस कमी दिसायला हवे होते.

एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं वीस सेकंद.

त्यानं मांडव तपासला. खांब होता. खांबाआड कुणी नव्हतं. जोड साफ बसला होता. मग वाढले कुठं?

तो सरळ शेवटाला गेला. पाठवणी झाली. गाडी हलली. धूळ उडाली.

पडदा काळा.

बँड बंद. गलका बंद. काळंच.

दहा सेकंद... वीस...

खोलीत पंख्याचाही आवाज येईना. पंखा तर फिरत होता.

तीस...

आणि त्या काळ्यातून, अगदी कानाशी...

“संग्या... जेवलास का?”

...

संगमेश जेवला नव्हता. ताट सकाळपासून झाकलेलंच होतं.

त्यानं ते काळं छाटलं. पुन्हा जोडलं. तेवढंच भरलं. पुन्हा छाटलं. तेवढंच. तिसऱ्यांदा त्यानं माउस बाजूला सारला.

लग्नात तसंच लावलं. क्लॅरिटी बघून व्याही खूश झाले. पाठवणी संपली, पडदा काळा झाला, तसे लोक पंगतीकडं पळाले. दोघं भाऊ तेवढे जागेवर उभे राहिले. वीरभद्रनं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला होता.

आता कबूल करतो. आण घेतलीय, म्हणून करतो. तो आवाज मी पदरचा घातला. त्या चाळीस सेकंदांत काहीच ऐकू येत न्हाई. त्याच्या घरी बसून मी दोनदा बघितलंय, कान लावून. नुसता काळा पडदा.

संगमेश मात्र दोन्ही वेळा तिसाव्या सेकंदापर्यंत गप बसला. मग मान खाली घालून हळूच म्हणाला, “जेवलो, आत्या.”