रक्तात न सापडलेले दोन पेले

लेकीने आईचा चहाचा कप उचलला, नाकाशी धरला आणि परत ठेवला.

"मिळालं काही?" आईने विचारलं.

"ही सवय तुझ्यामुळेच लागली, आई."

आईला ते लागलं... पण त्यात खोटं काय होतं? मनाच्या दवाखान्यातल्या कागदावर दर महिन्याला प्रश्न असे, 'गेल्या तीस दिवसांत किती दारू घेतली?' आणि वर्षानुवर्षं तिने तिथे बेधडक शून्य लिहिलं होतं, उशीखाली बाटली असताना! म्हणूनच लेकीने अट घातली होती : तीन महिने कोरडे काढ, मग ये माझ्याकडे, नातीजवळ कायमची राहायला.

आज ते तीन महिने भरत होते. दोघी दवाखान्यात गेल्या. समुपदेशक बाईंनी अहवाल पुढे सरकवला. "मावशी, रक्त अगदी स्वच्छ आहे."

लेकीचे डोळे भरून आले. "चुकलं माझं, आई." तिने पेन काढलं आणि ती आईच्या वतीने त्या महिन्याच्या कागदावर शून्य लिहायला वाकली.

"थांब," आई म्हणाली. "दोन पेले लिही. अठरा दिवसांपूर्वीचे. कामावर शिवणखोलीत माझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी बाई वारली, त्या संध्याकाळी."

"अगं, पण रक्तात काहीच नाही!"

"नसेल. पोटात गेले होते."

समुपदेशक बाईंनी हसू दाबलं. लेक मात्र संतापली. "गप्प बसली असतीस तर आजच घरी आली असतीस. पोरगी दारात वाट बघतेय तुझी."

"ठाऊक आहे." आईची मान ताठच राहिली. "पण मग तू रक्तावर विश्वास ठेवला असतास, आणि उद्या पुन्हा कप हुंगला असतास. मला रक्ताची शिफारस नको. माझ्या तोंडचं मानायचं तर मान, नाहीतर सोड."

कागदाच्या तळाशी नातेवाइकांसाठी एक ओळ होती : रुग्णाचं सांगणं तुम्हाला खरं वाटतं का? लेक दर महिन्याला ती कोरी सोडून देई. आज तिने वर 'दोन पेले' लिहिलं, खाली 'हो' लिहिलं आणि आईचा हात घट्ट धरला.

"चल घरी. अट गेली खड्ड्यात."

त्या एका 'हो'साठी किती तळमळली होती आई! तिच्या डोळ्यांना धार लागली... तरीही तिने हात सोडवून घेतला.

"अट मी कबूल केली होती. आजपासून तीन महिने मोज," ती म्हणाली. "आणि पोरीला खरं कारण सांग."