निळ्या कागदातली साखर

"तुमचं खेचर जरा बाजूला घेता का?" कॅमेऱ्यावरून डोळा न काढता तुदा म्हणाली. "नाहीतर फोटोत पाच पायांचं दिसेल."

"चार पायांनीच माझ्या नाकी नऊ आणलेत," मागून आवाज आला. "पाचवा नको."

तिला हसू आलं आणि त्या नादात कॅमेरा हलला. झालं... पुन्हा डावीकडून सुरुवात. कामच तसं किचकट होतं. मगून पर्वतावर सूर्य मावळताना एकेक तुकडा टिपत उजवीकडे जायचं, मग सगळे जोडून एकच भलामोठा फोटो करायचा. मधेच कुणी हललं की ते फोटोत दोनदा उमटायचं. माराकेशच्या एका हॉटेलाला तो भिंतभर हवा होता. अट एकच – फोटोत माणूस नको.

खेचरवाल्याचं नाव हम्मू. समोरच्या उतारावर त्याचं गाव. दुसऱ्या दिवशी तो तिचं सामान वर पोचवायला आपणहून हजर.

"वाटेतच होतं," म्हणाला.

कसली वाट आणि कसलं काय! त्या माथ्यावरून पुढे कुठंच जाता येत नव्हतं. पण तुदाने विचारलं नाही.

मग रोजचंच झालं. ती ढगांकडे बघत बसायची, तो काटक्या पेटवून पुदिन्याचा चहा करायचा. तुदा चहा बिनसाखरेचा प्यायची आणि त्याला ते बघवत नसे.

"आजारी आहेस का?"

"नाही. गोड बोलणारी माणसं भेटतात, तेवढं पुरतं."

हम्मूचे कान लाल झाले. मावळतीचा उजेड होता म्हणा... पण उजेड ओळखणं हा तर तिचा धंदाच.

एकदा खालच्या वाटेने काही म्हातारी माणसं चाललेली दिसली. हातात साखरेचे उंच सुळके, निळ्या कागदात गुंडाळलेले.

"मागणी घालायला निघालेत," हम्मू म्हणाला. "निळा कागद दारात आला की पोरीच्या बापाला सगळं कळतं."

"तुझी आई कधी निघणार?"

तो किटलीचं झाकण उघडून आत बघत राहिला. आत काय होतं कोण जाणे.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तुदा म्हणाली, "परवा मी घरी, अझिलालला परत जाते. उद्या शेवटचा सूर्यास्त."

"उद्या... मला यायला जमणार नाही."

"बरं."

"आमच्या घरावरचं धाबं येतं ना फोटोत?"

"येतं. मुंगीएवढं."

"मोठं करून बघता येतं म्हणालीस."

"येतं. पण त्यात बघण्यासारखं काय आहे?"

तो खेचर सोडून खाली निघाला. तुदाला असा राग आला! इतके दिवस मागेमागे फिरला, आणि शेवटच्या दिवशी याला जमत नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच वर गेली. आभाळ केशरी झालं, पर्वत गुलाबी झाला, फोटो आजवरचा सगळ्यात चांगला निघाला... आणि तिला रडू येत होतं.

मुक्कामी येऊन तिने तुकडे जोडले. गावावर एक निळा ठिपका दिसला. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ असणार. पुसायला म्हणून तिने तो भाग मोठा केला, आणखी मोठा केला...

धाब्यावर हम्मूची आई बसली होती, ठेवणीतली शाल पांघरून, थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून. मांडीवर निळ्या कागदातला साखरेचा सुळका. तिच्या डाव्या बाजूला हम्मू उभा, आणि उजव्या बाजूलाही हम्मूच.

तुदाने फोन लावला.

"फोटोत दोन हम्मू आलेत. हललास कशाला?"

"आई म्हणाली, या बाजूने बरा दिसशील." तो थांबला. "तिथं तुझ्यासमोर तोंडच उघडत नव्हतं, तुदा. म्हणून... इथून सांगितलं. दिसली का साखर?"

"दिसली."

"मग?"

पलीकडून आईचा आवाज आला – "काय म्हणते ती?" तुदाने डोळे पुसले.

"माणूस नको अशी हॉटेलाची अट आहे. त्यांना तुम्हाला पुसून देईन. माझ्याकडच्या फोटोत मात्र तुम्ही तिघं राहणार."

"आणि साखर? ती घेऊन येऊ का?"

"ये. पण दोघांपैकी एकानेच यायचं."

"कुठल्या?"

"ज्याला चहा करता येतो त्याने," तुदा म्हणाली. "आणि माझ्या चहात त्यातलाच खडा घाल."