पाइपातले तीन ठोके

माझा साडू नळाची कामं करतो. त्याला सगळे कानमास्तर म्हणतात, कारण भिंतीतली गळती तो कानाने शोधतो. हातभर लांबीची लोखंडी सळई असते त्याच्याकडे. एक टोक पाइपाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि श्वास रोखून ऐकायचं. पाणी कुठे निसटत असेल तर आत बारीक 'सूं' ऐकू येतं. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात ते जमत नाही, म्हणून असली कामं तो रात्रीच घेतो. हे त्याच्या बाबतीत घडलं आणि मी त्याच्याच तोंडून ऐकलं. साडू असला तरी माणूस खोटं बोलणारा नाही.

गेल्या नोव्हेंबरातली एकोणीस तारीख, बुधवार. रात्री दहाच्या सुमारास तो एका दुमजली घरी पोचला. घरात दोनच माणसं, मुलगा आणि त्याची आई. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. ते कारखान्यात फिटर होते, आणि त्या घरातला पाइप न् पाइप त्यांनी स्वतःच्या हाताने जोडलेला.

दार चिरंजीवांनी उघडलं. मी त्याला चिरंजीवच म्हणणार. दुसरं तोंडात येतंय ते तुमच्यासमोर बोलायचं नाही.

"गळतीबिळती काही नाहीये," चिरंजीव म्हणाले. "रात्रीत टाकी रिकामी होते, कारण आमची आई नळ सोडून ठेवते. विसरते. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, पाइप ठीक आहेत म्हणून. बहिणीला दाखवायच्यात. तिचा माझ्यावर विश्वास नाही."

"लिहून कशाला हवंय पण?"

"रविवारी आईला वृद्धाश्रमात सोडायचंय. बहीण मध्ये आडवी येतेय."

ऐकलंत? मघाशी तुमच्यातल्याच एका शहाण्याने म्हटलं ना, 'नळ आजीनेच सोडला असेल'? कोण ते मी बघितलंय. बस तिथेच, आणि नीट ऐक.

कानमास्तर आईची खोली बघायला गेला. खालच्या मजल्यावर, न्हाणीघराला लागून. बघतो तर न्हाणीघरातल्या नळाला मूठच नाही! नळ फिरवायची पितळी मूठ असते ना, ती काढून नेलेली. नुसता दांडा उघडा.

"तीन आठवड्यांपूर्वी मीच काढली," चिरंजीव म्हणाले. "माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवलीय. आणि रात्री हिच्या खोलीला बाहेरून कडी लावतो."

"मग टाकी रिकामी व्हायची थांबली?"

"नाही ना! पक्कड लपवली असेल कुठेतरी."

पंचाहत्तरीची बाई. गुडघे धरलेले, डोळ्यांना धड दिसत नाही. ती मध्यरात्री कडी लावलेल्या खोलीतून निघून पक्कडीने नळ सोडणार! अक्कल गहाण टाकली की माणसाला हे असलं सुचतं. माझा साडू गरीब स्वभावाचा म्हणून गप्प बसला. मी असतो तर ती सळई पाइपाला नसती लावली.

आई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. शेजारी रात्रीच्या पाण्याची एक बादली.

"मावशी, तुम्ही नळ सोडता का हो?" त्याने विचारलं.

"सोडत असेन. तो म्हणतो तर सोडतच असेन." मग स्वतःची बोटं चाचपत म्हणाल्या, "पण माझ्या बोटांना तसं आठवत नाही. माझी नजर गेली ना, तेव्हा ह्यांनी नळाच्या मुठीला कानशीने खाच पाडून दिली होती. खाच वर म्हणजे बंद. रोज झोपायच्या आधी बोट फिरवून बघायची मी. आता काय बघू?"

स्वतःच्याच डोक्यावरचा विश्वास उडाला होता हो त्या बाईचा. पाणी गेलं तर टाकी पुन्हा भरते. हे कुठून भरून आणायचं?

कानमास्तर बाहेर आला. "आधी बघतो," म्हणाला, "लिहायचं ते नंतर." चिरंजीवांनी आईच्या दाराला कडी घातली आणि बाहेरच्या खोलीत मोबाइल घेऊन बसले.

त्याने घरातले सगळे नळ बंद केले, पंप बंद केला. गच्चीवर जाऊन टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर खूण केली. तासाभराने बघितलं तर पाणी चार बोटं खाली. म्हणजे पाणी कुठेतरी जात होतं, आणि आई कडीच्या आत होत्या. साडेबारा वाजले होते. त्याने सळई टाकीखालच्या पाइपाला लावली, कान टेकवला.

'सूं' होतं. बारीक. आणि त्याच्या आत...

ठक. ठक. ठक.

आता ह्या धंद्यातली एक पद्धत सांगतो. दोघे जण दोन टोकांना काम करत असले की ओरडत बसत नाहीत. पाइपावर ठोकतात. एक ठोका म्हणजे बंद कर. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे सापडलं, इथे ये. तीस वर्षांची सवय. कानमास्तराने विचार न करता पाना उचलला आणि उलट ठोका दिला. मग त्याच्या लक्षात आलं, आज आपण एकटेच आलोय.

चिरंजीव असतील, असं म्हणून तो खाली आला. वरच्या मजल्यावर पुन्हा सळई लावली. ठक ठक ठक. आता जवळून, मोठ्याने. जिन्यातून वाकून बघितलं. चिरंजीव खालीच होते, अंगठ्याने मोबाइल सरकवत.

त्याला वाटलं, आपण गळतीच्या जवळ चाललोय. तिथेच चुकला. तो आवाजामागे जात नव्हता. आवाज त्याच्याबरोबर उतरत होता.

खालचं न्हाणीघर. नव्या फरशांची भिंत. त्याने सळई टेकवायला हात उचलला.

ठक. ठक. ठक.

सळईशिवाय. उघड्या कानाला.

चिरंजीव दारात येऊन उभे. "काय ठोकताय इतक्या रात्री?"

कानमास्तराने दोन्ही हात वर करून दाखवले. हातात फक्त सळई होती. ती कशालाच टेकलेली नव्हती.

आणि मग... मग ते ठोके राहिले नाहीत. घाव झाले. धाड. धाड. धाड. फरशा हादरल्या. घरातला एकेक नळ थरथरला. वरचा, खालचा, स्वयंपाकघरातला. साडू म्हणतो, भीती नंतर वाटली. आधी कळलं ते एवढंच, की कोणीतरी रागावलंय. फार रागावलंय.

कडीच्या आतून आईंचा आवाज आला. अगदी शांत.

"कडी काढा. ते खाली येतायत."

चिरंजीव जागचे हलेनात. कडी कानमास्तराने काढली.

"कोण येतंय मावशी?"

"टाकीवरचं काम आटपलं की हे पाइपावर तीन ठोके द्यायचे. मी खाली येतोय, ताट घे. आमच्याकडे तीनचा अर्थ तोच." मग त्या मुलाकडे वळल्या. "चार वर्षांपूर्वी तू न्हाणीघराची ही भिंत नवी करायला घेतलीस. त्यांनी सांगितलं होतं, आत जुनी लाइन आहे, तिचा व्हॉल्व्ह आधी बंद कर, मग फरशा लाव. चारदा सांगितलं. तू काय म्हणालास?"

चिरंजीवांनी मान वळवली.





"म्हणालास, 'बाबा, तुम्ही विसरताय, तो कधीच बंद केलाय.' बघितलासुद्धा नव्हतास. ते स्वतःलाच विसराळू समजत गेले रे. शेवटपर्यंत."

घाव थांबले.

 

मग भिंतीच्या आत... किर्र. लोखंडावर लोखंड फिरल्यासारखं. किर्र... किर्र... आणि थांबलं.

कानमास्तराने सळई भिंतीला लावली. 'सूं' बंद झालं होतं.

तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. छिन्नी-हातोडी काढून त्याने फरशा फोडल्या. आत जुना पाइप, गंजून पापुद्रे सुटलेला, आणि त्याला मसुराएवढं भोक. भोकाच्या बरोबर खाली जुन्या मोरीची वाट. चार वर्षं पाणी तिथून थेट गटारात जात होतं, म्हणून कुठे ओल दिसली नाही. पाणी आई सोडत नव्हत्या. गळती ह्या गाढवाने भिंतीत गाडून ठेवली होती.

पुढचं आधी सांगून टाकतो. कानमास्तराने दोन ओळी लिहून दिल्याच. 'भिंतीत गळती होती. आईंनी नळ सोडलेला नव्हता.' कागद आईंच्या हातात दिला आणि तिथूनच बहिणीला फोन लावून वाचून दाखवला. रविवारी कोणी कुठे गेलं नाही.

पण त्या रात्री, भिंत फोडल्यावर, त्याने आत टॉर्च मारला. पाइपावर तो जुना व्हॉल्व्ह होता. घट्ट बंद. आणि त्याच्यावर बसवलेली एक पितळी मूठ.

चिरंजीवांनी मूठ ओळखली. धावत गेले, खिशातून किल्ली काढली. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. उघडलं.

आत मूठ नव्हती.

भिंत चार वर्षं बंद. मूठ काढली तीन आठवड्यांपूर्वी. करा हिशोब.

कानमास्तराने मूठ काढायला हात पुढे केला, पण आईंनी त्याला बाजूला सारलं. भिंतीच्या भगदाडात हात घातला. डोळे मिटून बोट फिरवलं, सावकाश, रोज झोपताना फिरवायच्या तसं.

"वर आहे," म्हणाल्या. "खाच वर आहे."