खांब उपटणारा सचिव

माझा एक खांब जिमखान्याच्या भिंतीला टेकून उभा होता आणि दुसरा जमिनीवर आडवा पडला होता.

दिवाळीची सुट्टी संपून विद्यापीठ उघडलं, त्या दिवशीची ही गोष्ट. चार वाजता मैदानावर आले, तर आमच्या खो-खोच्या मैदानात खो-खोचं म्हणून काही शिल्लक नव्हतं. खांबांचे खड्डे मुरूम टाकून बुजवलेले, आणि एका खड्ड्यावर उभा राहून एक मुलगा पायाने माती दाबत होता. अगदी मन लावून.

"ओ," मी म्हटलं, "हे कुणी उपटलं?"

त्याने वर पाहिलं. रापलेला चेहरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि डोळे... रागात असताना कुणाचे डोळे बघू नयेत, पण ते दिसले.

"मी," तो म्हणाला. "युवा महोत्सवाच्या मांडवाचं खांब ऱ्हायलं होतं की. मांडववाला इसरून गेला वाटतं."

"मांडवाच्या खांबाला भस्म लावतं का कुणी?"

त्याने आडव्या खांबाकडे नीट पाहिलं. खंडेनवमीला जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो; आम्ही पोरी आमच्या खांबांची करतो. भस्माचे तीन पट्टे अजून शाबूत होते, कुंकू तेवढं वाळून गेलं होतं.

"तुमच्या सोलापुरात कशालाबी भस्म लावत्यात," तो म्हणाला. "मला काय म्हाईत?"

"नाव काय तुमचं?"

"धनाजी. नवा क्रीडा सचिव."

म्हणजे सगळ्या क्लबांना मैदानं वाटून देणारा विद्यार्थी-सचिव हाच. देवा सिद्धेश्वरा. मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"मी सिद्धेश्वरी. मुलींचा खो-खो क्लब माझा. पहार आणा आणि खांब होते तिथे परत लावा. आत्ता."

त्याने वाद घातला नाही, पहार आणली. नोव्हेंबरातही आमच्याकडचं ऊन कुणाची गय करत नाही. तो खणत होता, मी टेप धरून उभी होते, आणि माझ्या संघातल्या पोरी एकेक करून येऊन ओळीने बसत होत्या, जणू तमाशाला तिकीट काढलंय. काव्या तर माझ्या कानात म्हणाली, "सिद्धक्का, सावकाश खणू दे की."

दुसरा खांब उभा करून तो म्हणाला, "बघा. सरळ हाय का?"

"नाही."

त्याने जरासा हलवला. "आता?"

"डावीकडे झुकलाय."

"आता?"

"अं... हं. उजवीकडे."

चौथ्यांदा त्याने खांब सोडला, कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. "कॅप्टन, खांब मगाचपास्नं सरळ हाय. तुमीच वाकडं बघताय."

पोरी हसल्या. मला हसायचं नव्हतं, म्हणून मी टेप गुंडाळायला लागले आणि ती अर्धी उलटीच गुंडाळली.

त्यानंतर धनाजी रोज काही ना काही निमित्त काढून आमच्या बाजूला यायचा. कधी फक्कीचं पोतं घेऊन, "रेषा मारू का?" कधी नुसताच. तो सांगोल्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला, क्रिकेट संघाचा पहिला गोलंदाज. पण बसायचा आमच्या मैदानाच्या कडेला.

"क्रिकेटचं मैदान तिकडे आहे," मी एकदा म्हटलं.

"म्हाईत हाय."

"मग?"

"तितं कोण वाकडं बघत न्हाय."

मी शिट्टी फुंकली आणि मैदानात धावले. पळताना एकदाच वळून पाहिलं... एकदाच. तेवढ्यात काव्याने मला बाद केलं. तीन वर्षांत मी काव्याच्या हाताला लागले नव्हते.

आणि मग ती नोटीस लागली.

आमचे क्रीडा संचालक बिभीषण सर तसे वाईट नाहीत, पण त्यांना भीती वाटली की ते नियम काढतात. मुलींच्या क्लबातल्या प्रत्येक खेळाडूच्या पालकांनी स्वतः येऊन संमतिपत्रावर सही करायची. पंधरा दिवसांत बारा सह्या झाल्या नाहीत तर क्लब बंद आणि मैदान क्रिकेटच्या सरावाला.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, मी एम.कॉम.ला आहे. गेल्या निवडणुकीत मतदान केलं. तेव्हा कुणी अप्पांची सही मागितली नव्हती."

"सिद्धेश्वरी, हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे."

"सुरक्षिततेसाठी मैदानावर दिवे लावा सर. सही काय उजेड पाडणार आहे?"

सर हसले आणि फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एका सहीचं एवढं काय? तर आमच्याकडे असं असतं. पोरगी खेळते हे बापाला माहीत असतं. गुडघे फुटलेले दिसतात, दोरीवर ट्रॅकपँट वाळताना दिसते. तो मान वळवतो आणि पेपर वाचतो. तो मान वळवतो म्हणून आम्ही खेळतो. सही मागितली की मान वळवायची सोय राहत नाही. सही म्हणजे 'मी हो म्हणालो' असं चारचौघांत सांगणं. ते त्यांना जमत नाही.

दहा दिवसांत मी आणि काव्या बारा घरं फिरलो. सात घरच्यांनी जिमखान्यात येऊन सह्या केल्या. पाच राहिल्या, आणि त्यातली एक माझ्या घरचीच होती. शुक्रवार पेठेत आमचं डाळी-कडधान्याचं दुकान आहे. अप्पांनी फॉर्म वाचला, वजनाखाली दाबून ठेवला आणि म्हणाले, "खेळ की. मी कधी नको म्हटलंय? पण लिहून नाही देणार."

"का?"

"उद्या तुला बघायला येणारे विचारतील."

तीन वर्षांचा माझा क्लब. पहिल्या वर्षी चौघीच होतो. त्यातली एक झाडालाच खांब समजून वळायची. आता बारा होतो. पाच सह्यांपायी तो जाणार, या विचाराने मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी धनाजी आला तो हातात शाईचा पॅड घेऊन.

"पाचच ऱ्हायल्यात न्हवं?" त्याने अंगठा पुढे केला. "आण फॉर्म. पालक येऊन गेलं, अशी नोंद मीच करतो. कुणाचाबी बाप होतो मी."

क्षणभर मला हसू आलं. मग असा संताप आला की हातातली शिट्टी त्याच्या अंगावर फेकावीशी वाटली.

"चोरून खेळायचं असतं तर क्लब कशाला काढला असता, धनाजी? घरामागच्या बोळात खेळलो असतो."

"अगं, मैदान तर वाचंल..."

"मैदान वाचेल, आणि आम्ही खोट्या ठरू. नको मला तसलं मैदान. आणि तुझ्याकडे मागितली का रे कुणी सही? क्रिकेटवाले साठ जण आहात. एकाच्या तरी बापाला विचारलं का?"

त्याने शाईचा अंगठा पँटला पुसला आणि डाग पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"माझ्या बापाला तर वाटतंय, मी हितं निसता अभ्यास करतो," तो हळूच म्हणाला.

"मग जा, अभ्यास कर," मी म्हटलं आणि पाठ फिरवली.

चार दिवस तो आमच्या बाजूला फिरकला नाही. मी त्याची वाट पाहत नव्हते, असं मी काव्याला तीनदा सांगितलं. खरं सांगायचं तर मला तो हवा होता. फक्कीचं पोतं घेऊन, नाहीतर नुसताच.

बैठकीच्या दिवशी जिमखान्याच्या हॉलमध्ये सगळे क्लब जमले. मी आमची यादी ठेवली. बारा नावं, सात सह्या.

"मग यंदा खो-खो थांबवू," बिभीषण सर म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"थांबणार नाही सर," मी उभी राहिले. "उद्या चार वाजता आम्ही बाराही जणी मैदानावर असणार. काढायचं तर खेळताना येऊन काढा."

मी आमची यादी सरांपुढे आणखी थोडी सरकवली.

तेवढ्यात धनाजी उठला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सर, सचिव म्हणून माझा एक ठराव हाय. नियम चांगला हाय, तर तो सगळ्या क्लबांना लावा. पोरांचीबी सुरक्षितता नको का?"

मागच्या बाकांवरची पोरं खिदळली. गंमत म्हणून अर्ध्या पोरांनी हात वर केले. मुलींनी तर सगळ्याच. सर गडबडले, मग म्हणाले, "बरं... समान नियम. हरकत नाही."

"मग पयला फॉर्म माझा घ्या." धनाजीने कागद सरांपुढे ठेवला. "कोरा हाय. माझा बाप दिवाळी झाल्यावर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी गेलाय. आज ह्या गावात, उद्या त्या. तो काय मेंढरं सोडून सही करायला यायचा न्हाय. म्हंजे शनवारच्या स्पर्धेला मी जात न्हाय."

खिदळणं थांबलं. शनिवारी आंतर-विद्यापीठ स्पर्धा होती आणि धनाजीचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी त्याला कुणी चेंडू देणार नव्हतं.

"धनाजी, खाली बस," सर म्हणाले.

"बसतो. पण नियम हाय सर."

मग व्हॉलीबॉलचा शिवू उठला. त्याचे वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला, पाळी सोडून येणार कसे? मग कबड्डीचा शरणबसव. त्याच्या घरी विचारलं तर खेळ बंद करून दुकानात बसवतील, असं त्याने भर हॉलमध्ये सांगितलं. एकेक जण उठत गेला. कुणाचा बाप दुबईत, कुणाचा नाहीच. पोरं आधी हसत उठली, पण सांगता सांगता गंभीर झाली. आपल्यालाही घरी विचारायची भीती वाटते, हे बहुतेकांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं असावं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शनिवारी विद्यापीठाचा एकही संघ जाणार नाही, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"नियम मागे," ते म्हणाले. "कुणाचीच सही नको. सिद्धेश्वरी, चार वाजता काय तो खेळ खेळा. आणि दिव्यांचा अर्ज द्या."

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाराही जणी मैदानावर होत्या. मी त्या दिवशी अशी पळाले की काव्याच काय, कुणाच्याच हाताला लागले नाही. खेळ संपल्यावर धनाजी कडेला उभा होता, हात मागे बांधून.

"शनवारी जातोय," तो म्हणाला.

"जा की. पाच बळी घेऊन ये."

"कॅप्टन..."

"काय?"

"तुमी वाकडं बघितलं तरी चालतंय. पण बघत जावा." तो थांबला, मान खाली घातली. "न्हाय, नीट सांगतो. लई आवडतीस तू मला. पहार हातात दिलीस त्याच दिवसापासनं."

धुळीचा, घामाचा, फक्कीचा वास येत होता, आणि माझं तोंड मातीने माखलेलं होतं. असल्या अवतारात कुणी प्रेमाचं ऐकतं का? मी ऐकलं. आणि म्हणाले, "मलाही तू आवडतोस. चार दिवस आला नाहीस तर जीव नकोसा झाला होता."

तो इतका लाजला की मलाच त्याची दया आली.

"मोटारसायकल आहे ना? सोड मला घरी."

"पेठेच्या कोपऱ्यावर सोडतो. कुणी बघंल."

आमच्याकडच्या सगळ्या पोरी कोपऱ्यावरच उतरतात. तिथून ओढणी सारखी करून, मैत्रिणीकडून आल्यासारख्या चालत घरी जातात. काल भर हॉलमध्ये एवढं बोलून मी आज कोपऱ्यावर उतरणार होते का?

"दुकानासमोर," मी म्हटलं. "अगदी समोर."

संध्याकाळची गिऱ्हाइकांची वेळ. मोटारसायकल थांबली तेव्हा अप्पा तूरडाळ तोलत होते. त्यांनी मला पाहिलं, धनाजीला पाहिलं आणि सवयीने मान तराजूकडे वळवली.

"अप्पा," मी पायरी चढून म्हटलं, "इकडे बघा."

गिऱ्हाइकं बघायला लागली. अप्पा रागावले की कन्नडवर येतात. "यार इवा?" त्यांनी विचारलं. कोण हा?

"हा धनाजी. मला आवडतो. आणि क्लब बंद झाला नाही, मी उद्यापण खेळणार आहे."

"मी त्या कागदावर सही करणार नाही, हे सांगितलंय तुला."

"सही आता लागत नाही अप्पा."

"मग मला विचारायला कशाला आलीस?"

"विचारायला नाही आले. सांगायला आले."

अप्पांच्या हातातला तराजू तसाच लोंबत राहिला. ते माझ्याकडे बघत होते. मातीचं तोंड, फुटलेला गुडघा, ट्रॅकपँट, सगळं. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी नजर खाली केली नाही, आणि मागे धनाजीनेही गाडी सुरू केली नाही. तो खाली उतरला, स्टँड लावला आणि पायरीपाशी येऊन उभा राहिला.

मग अप्पांनी डाळ पुडीत ओतली, गिऱ्हाइकाला दिली आणि धनाजीला विचारलं, "कुणाचा रे तू?"

"मेंढपाळाचा," धनाजी म्हणाला, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा.